सेकंदाच्या नगण्य तुकड्यापुरती टिकणारी ‘पदार्थाची अवस्था’: मानायची का?

कोकमसार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

शिशाचे दोन अणुगर्भ जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळले की त्यांतले प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळतात, आतले क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन मोकळे होतात आणि त्या रसरशीत गोळ्याला क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा म्हणतात, इथपर्यंत माझी गाडी नीट येते. जिनिव्हाजवळ सर्न या प्रयोगशाळेत हे नोव्हेंबर २०१० पासून चालू आहे. त्याआधी २००० पासून न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर, ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या ‘रिक’ यंत्रात सोन्याचे अणुगर्भ आदळवले गेले.

गाडी अडते ती पुढे. एकावर २३ शून्यं दिली की जी संख्या होते, सेकंदाचे तितके तुकडे करा. त्यांतले तीन-चार तुकडे, एवढंच या गोळ्याचं आयुष्य. आणि याला घन, द्रव, वायूच्या पंगतीत पाट मांडून बसवायचं? पाणी पेल्यात ओतता येतं, वाफेवर इंजिन चालतं. हा गोळा कुणी पाहिलेला नाही, पाहता येणारही नाही. बाहेर येतात ते नेहमीचेच कण, आणि त्यांच्यावरून आत काय झालं असेल याचे अंदाज.

माझं मत : याला टक्कर म्हणा, घटना म्हणा. पदार्थाची अवस्था म्हणणं ही निधी मिळवण्यासाठी केलेली जाहिरात आहे. पटत नसेल तर पटवून द्या, मी इथेच आहे.

शेवटचा_बाक

पहिल्या रांगेत जागा पकडली आहे. चहा येतोय.

निशाचर_शिफ्टवाली

काही वर्षं अ‍ॅलिस प्रयोगात काम केलंय, त्यामुळे राहवत नाही. (अ‍ॅलिस म्हणजे सर्नच्या २७ किलोमीटरच्या वर्तुळावरचा, खास या प्लाझ्मासाठी उभारलेला शोधक. दहा हजार टनांचं धूड, जमिनीखाली ५६ मीटर. हे वर्तुळाकार मोठं यंत्र बहुतेक वर्षभर प्रोटॉन आदळवतं. शिशाची फेरी बहुधा वर्षाच्या शेवटी, महिनाभराची. आमची दिवाळी त्या शिफ्टांमध्येच जायची.)

कोकमसार, ‘कमी वेळ’ हे कुणाच्या घड्याळाने? आपल्या घड्याळाने तर तो वेळ नाहीच. पण त्या गोळ्यातल्या क्वार्कच्या घड्याळाने बघा. शेजाऱ्याशी एकदा देवाणघेवाण व्हायला लागणारा वेळ म्हणजे प्रकाशाला एक फेम्टोमीटर (साधारण प्रोटॉनएवढं अंतर) ओलांडायला लागणारा वेळ, किंवा त्याहूनही कमी. गोळा टिकतो त्याच्या दहापट, कधी त्याहून थोडा जास्त. तेवढ्यात आतले घटक पुरेशा वेळा एकमेकांवर आपटतात, ऊर्जा वाटून घेतात, आणि ‘तापमान’, ‘दाब’ या शब्दांना अर्थ येतो.

सगळ्यात जोरदार, अगदी समोरासमोरच्या टकरीतून वीस हजारांच्या आसपास विद्युतभारित कण बाहेर पडतात. दोन-चार कणांची ही मारामारी नाही, गर्दी आहे. आणि गर्दीचे नियम वेगळे असतात.

उंबरठा

दहापट! म्हणजे मी कुणाशी दहा वाक्यं बोललो की आमचं घराणं एक झालं म्हणायचं?

ताई, गंमत सोडा, पण आक्षेप खरा आहे. अवस्था म्हणायला समतोल लागतो. पेल्यातल्या पाण्यात रेणूंच्या टकरी सेकंदाला अब्जावारी होतात आणि पाणी तासन्‌तास तसंच राहतं. तुमचा गोळा जन्मल्यापासून मरेपर्यंत फुगतोच आहे. समतोल साधेपर्यंत खेळ खलास. वीस हजार कणांचं म्हणाल तर पाण्याच्या एका थेंबापुढे ती संख्या कुठे लागते?

कोकमसार

उंबरठा +१. नेमकं हेच म्हणायचं होतं.

गंपूशेठ_चिपळूण

मला एवढंच सांगा, ते सोनं नंतर परत मिळतं का?

अनिकेत_भौ

शेठ :)) रिकमधलं सोनं मिळत नाही, पण सर्नमध्ये उलटं होतं. मे २०२५ मध्ये अ‍ॅलिसवाल्यांनी जाहीर केलं की शिशाचं सोनं होतंय. शिशात ८२ प्रोटॉन, सोन्यात ७९. शिशाचे दोन अणुगर्भ न आदळता अगदी जवळून गेले तर विद्युतक्षेत्राच्या झटक्याने एखाद्यातून तीन प्रोटॉन उडतात, उरतं ते सोनं. २०१५ ते २०१८ या काळात असे ८,६०० कोटी अणुगर्भ तयार झाले.

गंपूशेठ_चिपळूण

८,६०० कोटी! भाव काय पडला?

अनिकेत_भौ

सगळं मिळून वजन २९ पिकोग्रॅम. एक ग्रॅम जमवायचं तर याच वेगाने सुमारे १४ हजार कोटी वर्षं यंत्र चालवा. विश्वाचं वय त्याच्या एक दशांश. शिवाय ते सोनं तयार होताच नळीच्या भिंतीवर आपटून फुटतं. घडणावळ फुकट दिली तरी परवडत नाही.

शेवटचा_बाक

गुरुपुष्यामृताला बुकिंग चालू करा, नातवंडांच्या नातवंडांना डिलिव्हरी.

निशाचर_शिफ्टवाली

सोनं झालं असेल तर मुद्द्यावर येते. उंबरठा, समतोल पूर्ण साधतो असा दावा कुणीच करत नाही. दावा एवढाच की हा गोळा द्रवासारखा *वाहतो*, आणि ते मोजता येतं.

टक्कर क्वचितच नाकासमोर होते. बहुतेक वेळा अणुगर्भ थोडे बाजूने घासतात आणि दोन गोलांचा एकमेकांवर येणारा भाग बदामी आकाराचा असतो. आतले कण सुटे, एकमेकांशी देणंघेणं नसलेले असते, तर ते चहूकडे सारखेच उधळले असते. बदामाच्या आकाराचा त्यांना पत्ताच नसता. पण दाब असलेला पदार्थ असेल तर अरुंद बाजूला दाब झपाट्याने उतरतो, म्हणून त्या दिशेला जास्त कण, जास्त जोराने यायला हवेत. जाँ-इव्ह ओलित्रो यांनी हे १९९२ मध्ये लिहून ठेवलं होतं. रिक सुरू झाल्यावर नेमकं तेच दिसलं, आणि जवळजवळ द्रवगतिकीच्या समीकरणांनी सांगितलं तितकंच.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी. या प्रवाहाची तीव्रता दोन क्वार्कच्या कणांसाठी वेगळी येते, तीन क्वार्कच्या कणांसाठी वेगळी. पहिली दोनाने भागा, दुसरी तीनाने, आणि कणाची ऊर्जाही तशीच वाटून घ्या. आलेख जवळपास एकमेकांवर बसतात. म्हणजे वाहत होते ते क्वार्क. पायॉन (दोन क्वार्कचे) आणि प्रोटॉन (तीन क्वार्कचे) नंतर जुळले. ‘कुणी पाहिलेलं नाही’ हे बरोबर, पण सूर्याचा गाभा तरी कुणी पाहिलाय?

रेवती_ताम्हणकर_नव्हे

वाचतेय. भौतिकशास्त्र दहावीनंतर सोडलं, पण बदामापर्यंत कळलं.

भास्करराव_निवृत्त

द्रव हेच मुळात आश्चर्य होतं, हे तरुण मंडळींना सांगायला हवं. १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी दाखवलं की क्वार्क एकमेकांच्या जितके जवळ आणि ऊर्जा जितकी जास्त, तितकी त्यांच्यातली ओढ ढिली. (२००४ चं नोबेल त्यासाठीच.) त्यावरून पुष्कळ जणांची अपेक्षा अशी की प्रचंड तापमानाला क्वार्क आणि ग्लुऑन विरळ वायूसारखे मोकाट हिंडतील. प्लाझ्मा हे नाव शुरयाक यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी वापरलं तेही त्याच समजुतीच्या काळात.

आणि एप्रिल २००५ मध्ये ब्रुकहेवनच्या चारही प्रयोगांनी मिळून सांगितलं की हा वायू नाही, जवळजवळ परिपूर्ण द्रव आहे. सगळ्यांनी आपापले तक्ते पुन्हा काढले. जाहिरातच करायची असती तर आधी सांगितलेलं खरं ठरलं असं सांगितलं असतं, कोकमसार. ‘आम्हाला वाटलं ते निघालं नाही’ ही जाहिरात कोण करतो?

अनिकेत_भौ

भास्करकाका, भारी. म्हणजे पाण्यापेक्षा पातळ ना?

निशाचर_शिफ्टवाली

हे वाक्य प्रत्येक बातमीत येतं, आणि तसंच्या तसं खरं नाही. नुसता चिकटपणा मोजला तर या प्लाझ्माचा चिकटपणा डांबराहूनही कित्येक पट जास्त निघतो, कारण घनताच तशी अफाट. कमी आहे ते चिकटपणा आणि एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) यांचं *गुणोत्तर*. प्रवाह किती सहज पसरतो, लाटा किती लवकर विरतात, हे त्यावर ठरतं. कोव्हटुन, सोन आणि स्टारिनेट्स यांनी २००५ मध्ये या गुणोत्तराला एक तळ सुचवला, योग्य एककांत सुमारे ०.०८. प्लाझ्मा त्या तळाच्या अगदी जवळ आहे. पाणीच काय, अतिशीत द्रव हीलियमही त्याहून बराच वर.

गंमत म्हणजे तो तळ ज्या गणितातून आला ते स्ट्रिंग सिद्धान्तातून, कृष्णविवरांच्या वाटेने आलेलं आहे. त्यात शिरत नाही, धागा हातातून जाईल.

पोपटपंची_विशारद

कृष्णविवर शब्द आला! २००८ आठवलं. टीव्हीवाल्यांनी १० सप्टेंबरला पृथ्वी गिळायला काढली होती. आमच्या चाळीत एका काकूंनी आदल्या रात्री श्रीखंड केलं होतं, म्हणे उद्या राहतोय की नाही.

भास्करराव_निवृत्त

त्या दिवशी सर्नमध्ये एकही टक्कर नव्हती. प्रोटॉनचा झोत फक्त वर्तुळात फिरवला होता. नऊ दिवसांनी चुंबकांच्या जोडणीत बिघाड होऊन हीलियमची गळती झाली आणि यंत्र वर्षभर बंद. टकरी सुरू झाल्या नोव्हेंबर २००९ मध्ये, तेव्हा एकही वाहिनी हजर नव्हती.

रिकच्या वेळीही अशीच भीती होती : ‘स्ट्रेंज’ (विचित्र) या प्रकारच्या क्वार्कांचा एखादा गोळा तयार होईल आणि आजूबाजूचं सगळं आपल्यासारखं करत सुटेल. २००० मध्ये बुझा, जॅफी, सँडवाइस आणि विल्चेक यांनी त्यावर सविस्तर परीक्षण छापलं. त्यातला चंद्राचा युक्तिवाद मला फार आवडतो. चंद्राला हवेचं कवच नाही. अवकाशातून येणारे जड, वेगवान अणुगर्भ थेट त्याच्या खडकांवर कोट्यवधी वर्षं आपटत आहेत. चंद्र जागेवर आहे.

शेवटचा_बाक

आणि काकूंचं श्रीखंड?

पोपटपंची_विशारद

संपलं. तेही दहाच्या उणे तेवीसाव्या घातात.

उंबरठा

श्रीखंड बाजूला ठेवू. बदामाचा मुद्दा मला पटला, खरंच. पण ‘अवस्था’ म्हटलं की मला अवस्थांतर दिसायला हवं. बर्फाचं पाणी होताना शून्य अंशाला काहीतरी ठाम घडतं. इथे रेषा कुठे आहे?

सदाफुली_कुलाबा

उंबरठा, रेषा नाहीच, आणि हे कुणी लपवलेलंही नाही. २००६ मध्ये फोडोर, आओकी आणि सहकाऱ्यांनी महासंगणकावर जाळी-गणित करून दाखवलं की आपल्या टकरींत, जिथे द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळपास सारखंच असतं, हा बदल सलग होतो. बर्फासारखा एका अंशाला नाही; बरणीतलं रवाळ तूप उन्हात ठेवल्यावर जसं हळूहळू सैल होत जातं तसा. हा बदल १५५ एमईव्हीच्या आसपास होतो, म्हणजे पावणेदोन लाख कोटी अंशांच्या थोडं वर. सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून जास्त.

पण द्रव्याचा वाटा वाढवला, म्हणजे कमी ऊर्जेने अणुगर्भ आदळवले, तर पुढे कुठेतरी ठाम रेषा सुरू व्हावी आणि तिच्या टोकाला एक क्रांतिक बिंदू असावा, अशी अटकळ आहे. मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मधल्या मंडळींनी या बिंदूचा अंदाज बांधण्यात बरंच मूलभूत काम केलंय. रिकने त्याच शोधासाठी ऊर्जा पायरीपायरीने कमी करत मोजमापं घेतली. जर्मनीत डार्मश्टाटला ‘फेअर’ यंत्र त्यासाठीही उभं राहतंय, त्यात भारत भागीदार आहे. बिंदू अजून ठामपणे सापडलेला नाही.

उंबरठा

तूप चालेल. पण मग वितळलेलं तूप आणि घट्ट तूप या दोन *अवस्था* की एकाच तुपाचे दोन मूड?

सदाफुली_कुलाबा

क्रांतिक बिंदूच्या पलीकडे पाण्याची वाफ आणि पाणी यांच्यातही रेषा उरत नाही. म्हणून पाणी आणि वाफ या अवस्था नाहीत असं आपण म्हणत नाही.

उंबरठा

हं. ही चाल मी बघितली नव्हती. विचार करतो.

जनता_जनार्दन_पुणे

सगळं छान, पण मूळ पोस्टमधला पैशाचा मुद्दा सगळ्यांनी शिताफीने टाळला. भारताने यात का पडावं? अणुगर्भ कसे वितळतात ते कळून माझ्या गावच्या टँकरचं काय होणार?

भास्करराव_निवृत्त

टाळला नाही, यायची वाट बघत होतो. प्रत्येक विज्ञानाच्या धाग्यावर टँकर येतोच, आणि यायलाही हवा.

भारताचा सहभाग पैसे भरून फोटो काढण्यापुरता नाही. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरने बिकाश सिन्हा यांच्या काळात या विषयात उडी घेतली. तिथल्या आणि इतर भारतीय संस्थांच्या गटांनी फोटॉन (प्रकाशकण) मोजणारा एक शोधक बनवला. तो आधी सर्नच्या जुन्या प्रयोगात, मग रिकवर, मग अ‍ॅलिसमध्ये बसला. त्याच्या पुढच्या पिढीला आणि अ‍ॅलिसच्या म्युऑन शोधकाला लागणारी ‘मानस’ नावाची चिप कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटने रचली आणि ती चंडीगढला तयार झाली. आपल्या पवईच्या आयआयटीचा गटही अ‍ॅलिसमध्ये आहे. जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

टँकरचं उत्तर माझ्याकडे नाही. टँकर या खात्याच्या पैशांनी अडलेला नाही, एवढं मात्र नोकरीत असताना बघितलंय.

जनता_जनार्दन_पुणे

शेवटच्या वाक्याला दाद. बाकीच्याशी सहमत नाही.

रेवती_ताम्हणकर_नव्हे

एक बाळबोध प्रश्न. विश्वाच्या सुरुवातीला हाच प्लाझ्मा होता म्हणतात. मग तिथे तरी तो जास्त वेळ होता का?

सदाफुली_कुलाबा

बाळबोध कसला, या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. महास्फोटानंतर दहा-एक मायक्रोसेकंद सगळं विश्व याच रूपात होतं. प्रयोगशाळेतल्या गोळ्याशी तुलना केली तर हा काळ एकावर १७-१८ शून्यं इतक्या पटींनी मोठा. तिथे समतोल साधायला क्वार्कांकडे अक्षरशः युगं होती. म्हणजे विश्वातल्या त्या प्लाझ्माला अवस्था म्हणण्यावर उंबरठा यांचाही आक्षेप नसावा. वाद फक्त एवढा, की प्रयोगशाळेतला तो तोच का.

निशाचर_शिफ्टवाली

आणि ‘तोच का’ तपासायला पुरावे एका दिशेने आलेले नाहीत, हे महत्त्वाचं. ब्योर्केन यांनी १९८२ मध्ये सुचवलं होतं की वेगवान क्वार्क या माध्यमातून जाताना ऊर्जा गमावेल. नोव्हेंबर २०१० मध्ये, शिशाची पहिली फेरी चालू असतानाच, सर्नच्याच अ‍ॅटलास प्रयोगाने दाखवलं : समोरासमोर उडालेल्या कणांच्या दोन झोतांपैकी एक शाबूत बाहेर येतो आणि दुसऱ्याची ऊर्जा बरीच गळालेली असते. फोटॉन मात्र त्याच गोळ्यातून बिनधास्त निघून येतात, कारण क्वार्कांना बांधणारं बळ त्यांना लागूच होत नाही. २००३ मध्ये रिकने सोन्यावर सोन्याऐवजी ड्युटेरॉन (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन एवढाच अणुगर्भ) आदळवून पाहिले. झोत अडले नाहीत. म्हणजे अडवणारं काहीतरी मोठ्या टकरीतच तयार होतं.

मात्सुई आणि झात्स यांचं १९८६ चं भाकीत वेगळंच : चार्म नावाच्या जड क्वार्कची आणि त्याच्या प्रतिक्वार्कची जोडी, जे-साय, या गरम माध्यमात विरघळावी. विरघळली. सर्नच्या मोठ्या यंत्रात मात्र अपेक्षेपेक्षा *कमी* घट दिसली, कारण तिथे चार्म क्वार्क इतके तयार होतात की सुटलेले दुसऱ्याच जोडीदाराशी जुळतात.

पोपटपंची_विशारद

म्हणजे वधुवर मेळावा.

उंबरठा

ताई, ड्युटेरॉनच्या दाखल्यावरच बोट ठेवतो. मी थोडं वाचलं रात्री. २०१० मध्येच सर्नच्या सीएमएस प्रयोगाला नुसत्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत, ज्यांत खूप कण निघतात अशांत, तोच सामूहिक प्रवाहासारखा नमुना दिसला होता. आणि २०१८ मध्ये छापलेल्या निकालांनुसार, रिकने प्रोटॉन, ड्युटेरॉन आणि हीलियम-३ सोन्यावर आदळवले तेव्हा प्रत्येकाच्या आकाराप्रमाणे प्रवाह बदलला. म्हणजे एकतर प्रोटॉनच्या टकरीतही थेंबभर द्रव तयार होतो, किंवा ‘प्रवाह दिसला म्हणजे द्रव’ हा नियमच कच्चा आहे. यातलं काय?

निशाचर_शिफ्टवाली

तुम्ही नेमक्या त्याच जागी पोचलात जिथे आमच्या परिषदांमध्ये आवाज चढतात.

माझं मत विचाराल तर शिसे-शिसे टकरीबद्दल मला शंका नाही. तिथे प्रवाह आहे, झोत अडतात, जोड्या विरघळतात, आणि हे सगळं एकाच तापमानाच्या, एकाच चिकटपणाच्या चौकटीत बसतं. प्रोटॉनच्या टकरीत प्रवाह दिसतो, पण झोत अडल्याचं दिसत नाही. अर्धा पुरावा आहे, अर्धा नाही. मी त्याला प्लाझ्मा म्हणत नाही, माझे काही जुने सहकारी म्हणतात.

म्हणूनच जुलै २०२५ मध्ये सर्नने पहिल्यांदा ऑक्सिजनवर ऑक्सिजन आणि निऑनवर निऑन आदळवले. प्रोटॉन आणि शिसं यांच्या मधला आकार. त्याच वर्षी आलेल्या पहिल्या निबंधांत प्रवाह दिसलाय, आणि सीएमएसला ऑक्सिजनमध्ये जास्त ऊर्जेच्या कणांची घटही दिसलीय. सोळा-सोळा कणांच्या अणुगर्भांत! शिफ्ट सोडल्याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं.

कोकमसार

दोन दिवस सगळं वाचतोय. ‘जाहिरात’ हा शब्द भास्करराव यांच्या प्रतिसादानंतर टिकत नाही. शिसे-शिसेसाठी अवस्था म्हणा, चालेल. पण प्रोटॉनच्या टकरीला कुणी ‘सर्वांत छोटा द्रवाचा थेंब’ म्हटलं की माझा विरोध कायम.

उंबरठा

मी ऑक्सिजनवर थांबलोय. ताई, ते निबंध मोफत वाचता येतात का? दुवा व्यनि करा.

निशाचर_शिफ्टवाली

सगळे मोफत आहेत, व्यनि केलाय. दुसऱ्या निबंधातली तिसरी आकृती आधी बघा, मग मजकूर.

गंपूशेठ_चिपळूण

ऑक्सिजनचं सोनं होत नाही ना? मग मी निघतो.